१६ केबीतलं जंगल: जुन्या बाइकच्या खेळांत वेग येतो कुठून?

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'द स्पेक्ट्रम' नावाचं एक काळं, वहीएवढं यंत्र बाजारात आलं. रबरी बटणं, कोपऱ्यात रंगीत पट्टे आणि आत भरून ठेवलेले ४८ खेळ. झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ सालच्या ब्रिटिश घरगुती संगणकाचा हा नवा अवतार. त्यानंतर जुन्या खेळांचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले आणि त्यातला एक माझ्या भाच्याच्या फोनवर येऊन पोचला. खेळाचं नाव 'डेथचेस'. घनदाट जंगल, सुसाट बाइक, झाडं अंगावर येतायत. तो थोडा वेळ बघत बसला. मी म्हटलं, "हा सगळा खेळ १६ केबीच्या संगणकावर चालायचा." तो म्हणाला, "मावशी, एमबी म्हणायचंय ना तुला?"

नाही, केबीच म्हणायचं होतं. त्याला त्या संध्याकाळी जे समजावलं ते जरा नीट मांडून इथे लिहिते आहे. संगणकाचं शिक्षण झालेलं नसलं तरी चालेल. पाढे आठवत असले म्हणजे पुरे.

आधी खेळाबद्दल

'डेथचेस' मर्विन एस्टकोर्ट यांनी लिहिला आणि मायक्रोमेगा या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये कॅसेटवर विकायला काढला. पडद्याच्या तळाशी बाइकचं हँडल आणि ते धरलेले हात दिसतात, म्हणजे स्वार तुम्हीच. पुढे दोन बाइकवाले पळतायत, एक निळा आणि एक पिवळा. झाडं चुकवत त्यांना गाठायचं आणि टिपायचं. दोघे संपले की पाठलाग रात्री सुरू होतो आणि त्यानंतर पुढचा टप्पा येतो, जिथे झाडी आणखी दाट असते. असे आठ टप्पे. मधूनच लांब क्षितिजावर रणगाडा किंवा हेलिकॉप्टर दिसतं, ते टिपलं तर जादा कमाई. एवढाच खेळ. तरीही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'युअर सिंक्लेअर' या मासिकाने स्पेक्ट्रमच्या सर्वोत्तम १०० खेळांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक या जुन्या खेळाला दिला. तोवर स्पेक्ट्रमवर हजारो खेळ येऊन गेले होते.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, एस्टकोर्ट यांनी 'फुल थ्रॉटल' केला. ती खरी शर्यत होती: ५०० सीसीच्या बाइक, ग्रां प्रीचे ट्रॅक आणि मैदानात तुमच्यासह ४० स्वार. त्याला मात्र ४८ केबीचा स्पेक्ट्रम लागायचा.

१६ केबी म्हणजे नेमकं किती?

बाइट म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा ठेवायची जागा. अशा १,०२४ जागा म्हणजे एक केबी. सोळा केबी म्हणजे १६,३८४ जागा. आता यातला वाटा बघा. पडद्यावरचं चित्र साठवायलाच स्पेक्ट्रमला ६,९१२ बाइट लागतात. ते कापले की उरतात ९,४७२. त्यातलेही काही यंत्राच्या स्वतःच्या नोंदींत जातात. म्हणजे जंगल, बाइक, शत्रू, गोळ्या, आवाज, गुण, सगळं मिळून साधारण नऊ केबीत बसवायचं.

देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला आजचा संगणक ३ बाइट घेतो. तुम्ही वाचताय तो हा लेख साधा मजकूर म्हणून साठवला, तर तोच ३० केबीच्या पुढे जातो. या लेखाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी जागेत ते अख्खं जंगल होतं. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासावा लागला होता.

एका सेकंदाचे पन्नास तुकडे

जागेची तंगी एक, वेळेची दुसरी. तेव्हाच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० वेळा नव्याने रंगायचा. स्पेक्ट्रमच्या मेंदूला, म्हणजे झेड८० या प्रोसेसरला, सेकंदाला ३५ लाख ठोके मिळतात. घड्याळाच्या काट्यासारखे; प्रत्येक काम काही ठोके खातं. या ३५ लाखांचे पन्नास भाग केले की एका चित्राच्या पाळीला सुमारे ७० हजार येतात. नेमका आकडा ६९,८८८.

सत्तर हजार म्हणजे पुष्कळ वाटतात. पण एक बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेणारी त्याची नेहमीची आज्ञा २१ ठोके घेते. पडद्यावरचे सगळे ठिपके ६,१४४ बाइटांत आहेत. ते सगळे एकदा नव्याने भरायचे तर १,२९,०२४ ठोके. म्हणजे दुसरं काहीही न करता, नुसतं चित्र बदलायलाच जवळजवळ दोन पाळ्या संपल्या. शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, कुठलं बटण दाबलंय, हे बघायला वेळच नाही.

याचा अर्थ सरळ आहे. पूर्ण चित्र दर वेळी काढायचंच नाही. जेवढं बदललं तेवढंच हलवायचं. मग प्रश्न उरतो तो हा की कमीत कमी काय हलवलं म्हणजे बघणाऱ्याला वेग जाणवेल?

घाटातले चकाकणारे खुंट

रात्री एसटीच्या पुढच्या सीटवर बसून कसारा घाट उतरला असाल तर उत्तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाहेर मिट्ट काळोख. दरी नाही, डोंगर नाही, फक्त कडेचे चकाकणारे खुंट. लांबचे जवळजवळ स्थिर, मग हळूहळू अलग होतात आणि शेवटच्या क्षणी झपकन् बाजूने निघून जातात. तेवढ्यावर गाडीचा वेगही कळतो आणि वळणही.

अटारी कंपनीने १९७६ मध्ये 'नाइट ड्रायव्हर' नावाचं नाणं टाकून खेळायचं यंत्र काढलं, त्यात नेमकं हेच होतं. काळा पडदा आणि दोन बाजूंना पांढरे खुंट. पुढची मोटारसुद्धा पडद्यावर काढलेली नव्हती, काचेखाली छापील चित्र चिकटवलेलं होतं. लोक खेळले, कारण वेग खुंटांच्या चालीत होता.

झाड जवळ येतं म्हणजे काय होतं?

या सगळ्या खेळांच्या पोटात एकच नियम आहे: वस्तूचं अंतर निम्मं झालं की ती दुप्पट मोठी दिसते. बस्स.

तुम्ही ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जाताय. समोर ८० मीटरवर एक झाड आहे आणि पडद्यावर ते एक घर, म्हणजे आलेखकागदावरच्यासारखा एक चौकोन, रुंद दिसतंय. ८० वरून ४० वर यायला २ सेकंद लागतात, तेव्हा ते दोन घरं होईल. ४० वरून २० वर यायला १ सेकंद, चार घरं. २० वरून १० वर अर्धा सेकंद, आठ घरं. १० वरून ५ वर पाव सेकंद, सोळा घरं. तुमचा वेग कणभर वाढलेला नाही, पण दुप्पट व्हायचा वेळ दर वेळी निम्मा होतोय. म्हणून लांबून मवाळ वाटणारं झाड एकदम अंगावर धावून येतं. छातीत धस्स होतं ते या शेवटच्या पाव सेकंदात, आणि त्या पाव सेकंदात यंत्राला जेमतेम १२ चित्रं दाखवता येतात.

यात बाइक कुठेच जात नाही. ती पडद्याच्या तळाशी जिथल्या तिथे आहे. दर पाळीला प्रत्येक झाडाच्या अंतरातून थोडं वजा केलं जातं, आणि अंतर संपलं की त्या झाडाची जागा नव्या झाडाला मिळते. जंगलाचा नकाशा साठवायची गरजच पडत नाही. एकाच वेळी डोळ्यांसमोर असतील तेवढ्या झाडांचे आकडे पुरतात. 'फुल थ्रॉटल'सारख्या शर्यतीतही हेच तत्त्व लागू पडतं: चाळीस जणांचा हिशेब ठेवायचा म्हणजे प्रत्येकाचं अंतर दोन-दोन बाइटांत मांडून ठेवायचं, आणि चित्र फक्त समोर दिसणाऱ्याचं काढायचं.

गुणाकार न येणारं यंत्र

इथे एक अडचण येते. 'अंतर निम्मं तर आकार दुप्पट' म्हणजे भागाकार आला. आणि झेड८०ला भागाकार येत नाही. गुणाकारही येत नाही. बेरीज, वजाबाकी, दुप्पट करणं, निम्मं करणं, एवढंच. गुणाकार हवा असेल तर तो पुन्हापुन्हा बेरीज करून मिळवावा लागतो आणि त्यात शेकडो ठोके जातात.

यावरचा उपाय मराठी घरात कुणाला सांगायला नको: पाढे पाठ करून ठेवायचे. सतरा सक्तं विचारलं की आपण बेरीज करत बसत नाही, ११९ तोंडातून बाहेर पडतं. तसंच उत्तरांचं एक कोष्टक आधीच करून ठेवायचं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ९६ आडव्या ओळी आहेत असं धरा. क्षितिजापासून मोजून पहिली ओळ १९२ मीटरवरची जमीन दाखवते, दुसरी ९६ मीटरवरची, तिसरी ६४, चौथी ४८, असं करत शेवटची, शहाण्णवावी ओळ २ मीटरवरची. हे ९६ आकडे एकदा मांडून ठेवले की खेळ चालू असताना भागाकार करायचाच नाही, फक्त बघायचं.

या कोष्टकात एक मौज आहे. वरच्या १० ओळींत जवळजवळ १७३ मीटर रस्ता मावतो आणि उरलेल्या ८६ ओळी फक्त १७ मीटरांसाठी वापरल्या जातात. डोळाही असाच पक्षपाती आहे. लांबचं त्याला ढोबळ चालतं, पायाखालचं बारीक लागतं.

वळण म्हणजे पत्त्यांची सरकवलेली चवड

सरळ रस्ता झाला. वळण कसं काढायचं?

पत्त्यांची चवड टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. सगळ्यात खालचं पान तसंच ठेवून त्यावरचं पान जरासं उजवीकडे सरकवा, त्यावरचं आणखी जरा जास्त, त्यावरचं त्याहूनही जास्त. चवडीची कड वाकते. खेळातला रस्ता असाच आडव्या पट्ट्यांची चवड असतो. प्रत्येक वरच्या पट्टीला किती जास्त सरकवायचं हा एक आकडा. तो शून्य असला की रस्ता सरळ, वाढवला की वळण तीव्र, उणे केला की डावीकडे. एक संपूर्ण ट्रॅक म्हणजे अशा आकड्यांची यादी: इतकं सरळ, मग इतकं वळण, पुन्हा सरळ.

खरं वळण यात घडतच नाही, कारण बाइकचं तोंड कायम पडद्याच्या आत असतं. म्हणून दुसरी एक गोष्ट जोडावी लागते. वळणावर असताना खेळ तुमची बाइक हळूहळू बाहेरच्या कडेला ढकलतो, वेग जास्त तर ढकलणं जास्त. ते ढकलणं थोपवायला तुम्ही बटण दाबून धरता, आणि हाताला पटतं की आपण वळतोय. रस्त्याच्या कडेला घाटातल्या कठड्यासारखे काळे-पांढरे पट्टे दिले आणि ते खाली सरकवत नेले, की वेग आला. बाइकच्या आणि मोटारीच्या शर्यतींचे कितीतरी खेळ या दोन युक्त्यांवर उभे होते.

एका चौकोनात दोनच रंग

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ उंच. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. आता या रांगोळीवर ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन आखा, एकूण ७६८. अट अशी की एका चौकोनात दोनच रंग भरायचे. तिसरा रंग आणला तर आधीच्यातला एक जाणार. त्यामुळे पिवळी बाइक झाडापुढून गेली की दोघांच्या सामाईक चौकोनात रंग एकमेकांत सांडल्यासारखे दिसतात. स्पेक्ट्रमचे खेळ लांबूनही ओळखू येतात ते यामुळेच.

पण अडचणीत फायदाही होता. रंग वेगळे साठवलेले असल्याने एक बाइट बदलला की ६४ ठिपक्यांच्या चौकोनाचा रंग बदलतो. सगळ्या पडद्याचे रंग बदलायला फक्त १६,१२८ ठोके लागतात, एका पाळीचा पाव भागही नाही. आकाश, जमीन, जाडजूड बुंधे असे मोठे आकार ज्याला नुसत्या रंगांच्या चौकोनांवर भागवता येतात, त्याचा वेळ भरपूर वाचतो. जुने खेळ खडबडीत दिसतात त्यामागे किती विचार असू शकतो हे मला या हिशेबानंतर कळलं.

बाइकच का?

मोटार रुंद असते. पडद्यावर तिचं चित्र मोठं, म्हणजे हलवायला महाग, आणि ती पुढचा रस्ताही झाकते. बाइक अरुंद. शिवाय बाइक झुकते. सरळ, डावीकडे कललेली, उजवीकडे कललेली, अशी तीन चित्रं केली की स्वाराचं अंग हलताना दिसतं, आणि त्यातलंही तिसरं दुसऱ्याचं आरशातलं रूप.

सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी १९८५ मध्ये 'हँग-ऑन' केला, तेव्हा यंत्रावर खोटी बाइकच बसवली. खेळणारा तिच्यावर बसून कलायचा. त्या यंत्रात ६८००० जातीचे दोन प्रोसेसर आणि चित्रं लहानमोठी करणारी खास रचना होती. पुढे सेगाचाच 'एन्ड्युरो रेसर' १९८७ मध्ये स्पेक्ट्रमवर आला, तेव्हा हे सगळं काम त्या बिचाऱ्या एकट्या झेड८०ने केलं.

"पण ही तर फसवणूक झाली"

भाच्याने हे म्हटलंच. बाइक हलत नाही, रस्ता वळत नाही, जंगल साठवलेलं नाही, मग यात खरं काय?

प्रमाण खरं आहे. दोनपदरी रस्त्यावर रात्री समोरून ट्रक येतो, तेव्हा ओव्हरटेक करायचा की नाही हे आपण कशावरून ठरवतो? दोन दिवे एकमेकांपासून किती भरभर फाकतायत यावरून. ट्रकचा रंग, नंबर, मागे काय लिहिलंय, यातलं काहीच लागत नाही. 'डेथचेस' खेळताना डोळा हाच हिशेब करतो आणि खेळ त्याला तो हिशेब चोख पुरवतो. झाडाला धडकलात तर ते झाड त्या जागी नियमानुसारच आलेलं असतं. एस्टकोर्ट यांच्यासारख्यांनी जे गाळलं ते निर्णय घ्यायला न लागणारं. मला या खेळांबद्दल जो आदर वाटतो तो इथे आहे. जग मावत नव्हतं, म्हणून त्यांनी जगाचा एक नियम उचलला आणि तेवढा मात्र अचूक ठेवला.

"आजच्या खेळांपुढे हे कशाला बघायचं?"

कारण आजचे खेळही आतून हेच करतात. तुमच्या फोनवरच्या बाइकच्या खेळात लांबची झाडं कमी तपशिलाची असतात आणि जवळ आली की त्यांच्या जागी बारीक तपशिलाची येतात. तुमच्या पाठीमागचं शहर काढलेलंच नसतं. फोनवरचा नकाशासुद्धा तुम्ही बघताय तेवढेच तुकडे मागवतो. फरक इतकाच की आज या गोष्टी इतक्या थरांखाली गेल्यात की शिकणाऱ्याला हाताशी लागत नाहीत. स्पेक्ट्रममध्ये त्या उघड्यावर आहेत. आठवी-नववीच्या मुलाला आलेखकागदावर हे ९६ ओळींचं कोष्टक करायला लावा. प्रमाण, व्यस्त प्रमाण आणि लांबचं लहान का दिसतं, हे एका दुपारी समजतं.

एका बाबतीत तर जुनं यंत्र सरस होतं. बटण दाबलं की तो खेळ थेट बटणाकडे बघायचा, मध्ये कुणी नाही. आज बटणापासून पडद्यापर्यंत बरेच टप्पे आहेत, आणि मोठे टीव्ही चित्र सुधारण्यात आणखी उशीर करतात. जुना खेळ नव्या टीव्हीवर जोडून 'मजा येत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी टीव्हीचा गेम मोड चालू करून बघावा.

खेळून बघायचा तर?

जुनं यंत्र लागत नाही. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, फोनवरही चालतो. हे कायद्यात बसतं का, असं विचारणारे पुष्कळ असतात. सिंक्लेअरचा संगणकाचा व्यवसाय १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला आणि १९९९ मध्ये त्यांनी स्पेक्ट्रमचा मूळ अंतर्गत प्रोग्राम एम्युलेटरसोबत मोफत वाटायला परवानगी दिली. खेळांचे हक्क मात्र वेगळे असतात. कुणी खुले केलेत, कुणी नाहीत, ते त्या-त्या खेळापुरतं बघावं.

पहिल्यांदा खेळताना वेग कमी ठेवा आणि शत्रूकडे बघूच नका. एकच झाड धरा आणि ते एक घरापासून पडदाभर कसं होतं ते बघा.

भारतात हे यंत्र डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ पासून 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकलं. मी ते सांगलीत आतेभावाकडे पाहिलं. टेपरेकॉर्डर वायरने जोडलेला, आवाजाचं बटण नेमक्या खुणेवर ठेवलेलं, कारण जरा इकडेतिकडे झालं की खेळ चढायचा नाही. दोन मिनिटं किर्र आवाज आणि पडद्याच्या चौकटीत सरकणारे पट्टे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. स्पेक्ट्रमचे रंग उजळपणाच्या क्रमाने लावलेले आहेत: काळा, निळा, लाल, जांभळट, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. त्यामुळे रंग नसलेल्या टीव्हीवरही प्रत्येकाची राखाडी छटा वेगळी दिसते. पिवळा स्वार जवळजवळ पांढरा दिसायचा, लांबूनच हेरता यायचा. दुसरा काळपट, झाडांत हरवणारा. आम्ही त्याला 'काळ्या' म्हणायचो आणि तो नेहमी शेवटी सापडायचा.

तो निळा आहे, हे मी परवा भाच्याच्या फोनवर पहिल्यांदा पाहिलं.